लाईट जायची वाट पाहणाऱ्या आपा

यंत्र बंद पडलं की माणसं कपाळाला हात लावतात. आमच्या आपा खूश व्हायच्या. "पडलं बघा एक!" म्हणत खुर्ची ओढून त्या यंत्रासमोर अशा बसायच्या, जणू माहेरचं कुणी आलंय.

पुण्यातली इंजिनिअरची नोकरी सोडून आपा गेवराईला परतल्या आणि भावाच्या फळांच्या दुकानावरच्या खोलीत त्यांनी फळ्या ठोकल्या. त्यांवर जुने मोबाइल, राउटर, लॅपटॉप, उघडे सर्किट बोर्ड. संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल. जगभरची माणसं त्यात रोज बदल करतात. बदल आला की आपांची मांडणी तो आपोआप प्रत्येक यंत्रावर चढवी, यंत्र सुरू होतं का पाही आणि निकाल कर्नलच्या प्रकल्पाकडे पाठवून देई. मी त्यांच्याकडे कामाला लागलो त्या दिवशी नुसता बघत राहिलो.

एखादा जुनाट मोबाइल काढून टाकू म्हटलं, की त्या उखडायच्या. "जुना हाय म्हणून कुणाच्या खिशात न्हाई का?"

इन्व्हर्टर होता, पण एक फळी त्यांनी मुद्दाम साध्या लाईटवर ठेवली होती. मग नव्या कर्नलवर त्या फळीवरचा एक राउटर लाईट जाऊन आली की उठेचना. आपा दर वेळी तक्रार पाठवत. शेवटी प्रकल्पाच्या परदेशी प्रमुखानं कळवलं, की तुमची वीज बेभरवशाची आहे, तुमचे निकाल यापुढे धरणार नाही. माझं धाबं दणाणलं. इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती.

"आपा, ती फळीपण इन्व्हर्टरवर घ्या की."

"कावून? लाईट जात न्हाई असं एक घर दाखव. गेल्यावर यंत्र पडंल, पण आल्यावर उठाया नको?"

त्यांनी प्रमुखाला एवढंच लिहिलं, की तुमच्याकडे हाच राउटर असेल तर चालू असताना त्याचा प्लग उपटून बघा.

त्यानं उपटला. त्याचाही राउटर उठला नाही. चूक नव्या कर्नलमध्येच होती, आणि साऱ्या जगात ती फक्त आमच्या माडीवर सापडली होती! मला आपांच्या पाया पडावंसं वाटलं.

दुरुस्ती आली, सोबत माफीही, आणि खाली एक प्रश्न: तुमच्याकडे वीज पुन्हा कधी जाईल?

"आज जाईल की," आपा म्हणाल्या आणि पंख्याकडे डोळे लावून बसल्या. संध्याकाळी लाईट गेली तेव्हा त्यांनी टाळी वाजवली. तासाभरानं आली, आणि राउटर उठला.

आपा गेल्या त्याला वर्ष झालं. आता लाईट गेली की गल्लीतले लोक शिव्या देतात, आणि मी एकटाच माडीवर जाऊन ती यायची वाट पाहत बसतो.