परवाच बदललाय

हैदराबादेतल्या चिक्कडपल्लीच्या त्या गल्लीत एकनाथरावांच्या पिकअपला सगळे नावं ठेवत, आणि त्यात लोकांचं काही चुकत नव्हतं. शहाण्णव साली घेतलेली डिझेल गाडी दोन हजार तीन उजाडलं तरी दारात उभी. रंग विटलेला, मागची फळी तारेनं बांधलेली. सकाळी इंजिन सुरू झालं की समोरच्या बायका धुरापायी वाळत घातलेले कपडे ओढून घेत आणि जाता जाता दोन शब्द ऐकवत.

बाकीचे गाडीवाले दर तीन वर्षांनी नवी गाडी आणत होते. पूर्वी गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. आता फायनान्सवाली पोरं टाय लावून कोठीच्या पुस्तकबाजारात दुकानांपुढे घिरट्या घालत होती. जुनी द्या, नवी न्या, सही इथे करा. एकनाथराव त्यांना चहा पाजत, हातातला रंगीत कागद घडी घालून खिशात ठेवत आणि परत पाठवत.

या गाडीची खरी गंमत आत होती. ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या पत्र्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं, मराठी आकड्यांत, तारखा लिहिलेल्या होत्या. क्लच अमुक तारखेला. पंख्याचा पट्टा तमुक तारखेला. ब्रेकच्या पाइपापुढे तर एकाखाली एक अशा पंधरा-सोळा तारखा. कोठीचे पुस्तकवाले हसायचे. "एकनाथराव, गाडी आहे का पंचांग?" तेही हसायचे. शाळेची पुस्तकं आणि एमसेट प्रवेशपरीक्षेची गाइडं मागे रचून झहीराबाद, बिदर, निजामाबादच्या वाऱ्या करणारा हा साठीकडे झुकलेला माणूस चिकट आहे, एवढाच अर्थ लोकांनी काढला होता.

चिकट वगैरे काही नव्हते ते. उलट एके काळी गाडी बदलण्यात त्यांच्याइतका हौशी माणूस कोठीत दुसरा नव्हता. "गाडी भाजीसारखी असते, ताजी आहे तोवर काढून टाकावी," असं ते चारचौघांत ऐटीत सांगत. त्र्याण्णव साली पहिली नवीकोरी पिकअप घेतली आणि तिचे हप्ते फिटायच्या आत दुसरीची स्वप्नं पडू लागली. ती पहिली गाडी त्यांनी विकली आणि विकताना एक शब्द बोलले. त्या शब्दानं त्यांना धरलं ते धरलंच.

हैदराबादेत 'परसों' या शब्दाला धरबंध नाही. दिवाळीत भेटलेला माणूस परसों भेटलेला असतो, आणि आजोबांच्या वेळी पडलेली भिंतसुद्धा परसोंच पडलेली असते. होऊन गेलं ते सगळं परसों. उदगीरकडची शेती सोडून तीन पिढ्या या शहरात मुरलेल्या एकनाथरावांच्या घराण्याचा 'परवा'ही तसाच सैल झाला होता. घरात, बाजारात, सोयऱ्याधायऱ्यांत सगळेच तसं बोलत, त्यामुळे कुणाचं अडत नव्हतं.

शहाण्णवच्या एप्रिलमध्ये उदगीरजवळच्या एका खेड्यातून श्रीकांत नावाचा तरुण गाडी बघायला आला. दुधाचा धंदा सुरू करायचा होता. लग्नाला चार महिने झालेले. बायकोला, नीलिमाला, चारमिनार दाखवायचा म्हणून तिलाही बरोबर आणलं होतं. तिच्या हातात नव्या बांगड्या किणकिणत होत्या. चतुराबाईंनी, म्हणजे एकनाथरावांच्या मंडळींनी, आधी तिला हळदकुंकू लावलं, मग त्याच करंड्यातल्या कुंकवाचं बोट गाडीच्या नाकाडाला लावलं.

श्रीकांत चौकस होता. गुडघे टेकून गाडीखाली वाकला आणि म्हणाला, "काका, पुढचं चाक वळलं की ह्या ब्रेकच्या पाइपाला घासतंय बघा. पाइप कधी बदललाय हा?"

एकनाथरावांच्या हातात नव्या गाडीचा रंगीत कागद होता. पांढरी घ्यावी का निळी, यात त्यांचं सगळं डोकं. मान वर न करता ते म्हणाले, "परवाच बदललाय की हो."

"मग काळजी नाही," श्रीकांत उठत म्हणाला आणि हात झटकून त्यानं किल्ली घेतली. नीलिमा शेजारी बसली. वळणावर तिनं मागे बघून हात हलवला. एकनाथराव तोवर घरात गेले होते.

एक महिना गेला. दारात निळी पिकअप आली. त्या सुमारास भर दुपारी नीलिमा आपल्या भावाला घेऊन, एकनाथराव माल भरत होते त्या कोठीतल्या दुकानापाशी आली. कपाळ मोकळं होतं. एकनाथरावांनी आधी तिला ओळखलंच नाही.

"काका, उतारावर पाइप फुटला म्हणाले पोलीस. ब्रेक लागलाच नाही. गाडी पुलाखाली गेली." ती रडत नव्हती. पाठ केल्यासारखं बोलत होती. "दोन दिवस आधी बसवलेला नवा पाइप महिन्यात कसा फुटतो? कुठल्या मिस्त्रीनं बसवला त्याचं नाव सांगा. भांडायला नाही जायचं मला. फक्त विचारायचंय."

दोन दिवस आधी! एकनाथरावांना क्षणभर ती काय म्हणते आहे तेच कळेना. मग कळलं. पाइप बदलला होता चौऱ्याण्णवच्या दसऱ्याला. दीड वर्ष होऊन गेलं होतं. यादगिरी मिस्त्रीनं तेव्हा बजावलंही होतं, "सेठ, इधर टायर घिसता. हर छे महिने देखते रहना." देखते कशाला राहतील? गाडी तर विकायचीच होती.

यादगिरीचं गॅरेज मागच्या गल्लीत होतं. त्याच्या हातोडीचा आवाज तिथे उभं राहून ऐकू येत होता. एकनाथराव म्हणाले, "तो मिस्त्री गाव सोडून गेला, पोरी."

"बरं," ती म्हणाली. भावानं दिलेलं पाणी प्यायली आणि उन्हात चालत गेली. माणूस इतका क्षुद्र होऊ शकतो, हे एकनाथरावांना त्या दिवशी स्वतःवरून समजलं.

तेव्हापासून शहर त्यांच्या मागे लागलं. सकाळी दूधवाला म्हणे, परसोंच तो बोला था. इराणी हॉटेलात कुणी कप आपटून म्हणे, परसों. कंडक्टर, भाजीवाली, शेजारची पोरं, सगळ्यांच्या तोंडी तोच शब्द. त्यांनी स्वतःपुरता तो शब्द टाकला. कुणी विचारलं, सोयरे कधी येऊन गेले, तर हे म्हणत, "नऊ तारखेला, मंगळवारी." लोकांना वाटे, म्हातारा विक्षिप्त होत चालला.

निळी गाडी चालवताना त्रास जास्त. ब्रेकवर पाय ठेवला की तो खोल, आणखी खोल जातोय असं वाटे. गाडी मात्र मुकाट थांबे. शेजारच्या सीटवर कुणी बसलं तर त्यांना चालत नसे. ती सीट त्यांनी पुस्तकांचे गठ्ठे ठेवून भरून टाकली. तरी एखाद्या वळणावर गठ्ठ्यांच्या पलीकडून बांगड्या किणकिणत. खिडकीची काच सैल आहे, असं ते स्वतःला सांगत. काच तीनदा बसवून घेतली. तिच्याही तारखा दारावर होत्या.

ही गाडी विकायची नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं. विकलेली गाडी थांबत नाही. आपण बोललेलं बरोबर घेऊन ती कुठल्या तरी उतारावर जाते आणि तिथे आपण नसतो. गाडी आपल्यापाशी राहिली तर तिचं काय व्हायचं ते आपलं होईल. असा त्यांचा हिशेब. त्यात शहाणपण होतं, पण भित्रेपणाही होता, आणि तो त्यांना माहीत होता. उदगीरच्या बाजूचं भाडं ते घेत नसत.

सात वर्षं अशी गेली. मुलगा कुलदीप हाताशी आला. कुलदीपला कॉम्प्युटर येत होता, तेलुगू फर्डं येत होतं. मराठी बोलायचा घरच्यासारखं, पण वाचायचं म्हटलं की बोट ठेवून अडखळायचा. दारावरच्या तारखा त्यानं कधी वाचल्या नव्हत्या. "पप्पा, ह्या डब्ब्याची व्हॅल्यू झीरो होऊन राहिली," तो वैतागायचा. "आता काढली तर चार पैसे येतील. नंतर भंगारवालाबी नक्को म्हणंल."

शेवटी एका रविवारी सकाळी त्यानं वडिलांना न विचारताच गिऱ्हाईक आणलं. देगलूरचा मराठी तरुण होता. एकनाथराव ओट्यावर दाढी करत बसले होते. गालाला साबण. खाली बोलणं चाललं होतं.

"ब्रेकचं काम कधी केलंय, भाऊ?" तरुणानं विचारलं.

"परवाच केलंय," कुलदीप म्हणाला.

एकनाथराव साबणासकट, अनवाणी, पायऱ्या उतरून आले. "खोटं आहे!" ते ओरडले. "पाच महिने झाले. अठरा नोव्हेंबर. तुला वाचता येत नाही का? दारावर लिहिलंय!" गिऱ्हाईक एकदा बापाकडे, एकदा लेकाकडे बघून मागच्या मागे निघून गेलं.

कुलदीपचा चेहरा लाल झाला. "खोटं काय बोललो मी? परवा म्हणजे काय बरोब्बर परवा असतं का पप्पा? असंच बोलतात ना सगळे!"

सात वर्षं एकनाथरावांनी मनाशी घोकलेला बचाव हाच होता, शब्दाला शब्द. लेकाच्या तोंडून तो ऐकल्यावर त्यांना त्याची किळस आली.

"हौ," ते हळूच म्हणाले. "असंच बोलतात."

त्यांनी तोंड धुतलं, सदरा घातला, किल्ली घेतली. चतुराबाईंनी विचारलं, कुठे. "उदगीरकडे," एवढंच ते म्हणाले. त्यांनी बायकोला कधी काही सांगितलं नव्हतं. तरी चतुराबाई म्हणाल्या, "ती पोर माझ्या हातचं कुंकू लावून गेली होती इथून. लवकर जायला पाहिजे होतं तुम्ही." मग त्यांनी भाकरी बांधून दिली.

शेजारच्या सीटवरचे गठ्ठे एकनाथरावांनी उतरवले होते. झहीराबाद गेलं, बिदर गेलं. पुलाकडे जाणारा तो उतार आला तेव्हा त्यांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि ब्रेक दाबतच खाली आले. पुलाचा कठडा एका बाजूला नवा बांधलेला दिसत होता. गाडी थांबवायचा धीर त्यांना झाला नाही.

नीलिमा सासरीच होती. दुधाचं संकलन आता तीच बघत होती. अंगणात कॅन पालथे घातलेले, भिंतीवर फळा. तिनं त्यांना लगेच ओळखलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. एकनाथराव खुर्चीवर बसले नाहीत.

"मिस्त्री गाव सोडून गेला नव्हता," ते म्हणाले. "त्याची काही चूक नव्हती. पाइप नवा नव्हता, पोरी. चौऱ्याण्णवच्या दसऱ्याला बदललेला होता. दीड वर्षाचा जुना. मी परवा म्हणालो. आमच्याकडे तसंच म्हणतात, पण श्रीकांतला ते काय माहीत?"

नीलिमा फळ्याला टेकून उभी राहिली. मग बोलली ती त्यांच्याशी नव्हे, पालथ्या कॅनांशी बोलावं तशी.

"पहिल्याच रविवारी ते गाडी गॅरेजला न्यायला निघाले होते. पाइप दाखवून आणतो म्हणाले. मीच अडवलं. म्हटलं, परवाच तर बदललाय म्हणाले काका, माझ्यासमोर म्हणाले. कशाला दिवस घालवता? त्यापेक्षा मला माहेरी नेऊन आणा." तिनं पदरानं ओठ पुसले. "हे मी कुणालाच सांगितलं नाही. सासूबाईंनापण नाही. रोज वाटतं, मीच मारलं त्यांना."

एकनाथरावांना वाटत आलं होतं की त्या शब्दाचं भूत आपल्या एकट्याच्या मानगुटीवर आहे. ते इथेही बसलेलं होतं, सात वर्षं, आणि बसवलं त्यांनीच होतं. त्या दुपारी कोठीत त्यांनी खरं सांगितलं असतं, तर ही पोर निदान एवढं ओझं टाकून घरी गेली असती.

"पाइप जुना आहे हे तुमच्या लक्षात कधी आलं, काका?" तिनं विचारलं. आवाज साधा होता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

शहराची सवय जिभेवर आलीच. प, र पर्यंत ओठ हलले. एकनाथरावांनी ते मिटले, तिच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं आणि सांगितलं, "तू कोठीला आलीस तेव्हाच. बावीस मे, बुधवार, एकोणीसशे शहाण्णव. तू पाणी प्यायच्या आधी."