आबांचा बैल आणि बागेतला झोका

रविवारी संध्याकाळी आमच्या जुन्नरच्या बागेत माझ्या सासऱ्यांना, आबांना, मार बसता बसता राहिला. अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून टाकतेय...

आबा लई थकलेत. घरातलं माणूस ओळखत नाहीत, मला तर रोज नवी पाहुणी समजतात. बागेत नेलं की तेवढे शांत बसतात.

ही जागा म्हणजे पहिली कुठल्यातरी सरदाराची बाग म्हणे, हौद, कारंजं सगळं. ती मोडली आणि तिथं बैलबाजार भरायला लागला. आबांनी जन्मभर बैल घेतले-विकले ते इथंच. मग बाजार हलला, हिरवळ आली, झोके आले, ओपन जिम आली... झाडांसाठी खड्डे घेतले तेव्हा बैलांच्या खुरांना ठोकलेल्या लोखंडी पत्र्या निघाल्या आणि त्याखाली जुन्या बारक्या विटा.

आबांना आत बाकावर बसवून मी गेटवर मिरच्या घेत होते. आतून पोरीचं रडणं आणि माणसांचा आरडाओरडा ऐकला, तशी पिशवी टाकून पळाले.

झोक्यावर चार-पाच वर्षांची पोर. तिनं धरलेली साखळी आबांनी वरून आवळलेली, साखळीसकट तिची बोटं आबांच्या मुठीत. तिच्या बापानं आबांचा सदरा धरलेला. कुणीतरी म्हणालं, "पोरं पळवणारे फिरतायत, मोबाईलवर आलंय." झालं... दोघं-तिघं बाह्या सारून पुढं आले. एक शूटिंग करतोय.

मी ओरडले, "सासरे आहेत माझे, हात लावून तर बघा."

बाप म्हणाला, "मग सोडवा की मावशी. पोरीची बोटं मोडतील माझ्या."

खरंच होतं त्याचं. मी मूठ उकलायला गेले, पण नांगर धरलेली मूठ ती. जितकी ओढावी तितकी घट्ट. पोर किंचाळायला लागली. आबांचं आपलं एकच, "सौदा झाल्याबिगर बैल सोडायचा न्हाई."

एरवी मी खेकसलेच असते, की आबा, बाजार कवाच उठला. पण खेकसून मूठ सुटणार नव्हती आणि त्या बापाचा हात वर गेला होता.

माझं माहेर महाळुंगे पडवळचं. बैलाचा भाव तोंडानं करत नाहीत, उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून करतात, हे लहानपणी बघितलेलं. आबांच्या खांद्यावरचं उपरणं ओढलं, माझ्या हातावर टाकलं आणि हात पुढं केला. "काय पावणं, कसा दिला बैल?"

आबांनी माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही. उपरण्याकडं बघत राहिले... आणि साखळी सोडून हात उपरण्याखाली घातला.

बापानं पोर झटकन उचलली.

आता कुठलं बोट म्हणजे किती, मला काय माहीत. दोन दाबली. आबा भडकले, "थट्टा करतो का रं? दात बघ बैलाचं आधी." गर्दीतून एकजण म्हणाला, "मावशी, वाढवा की जरा." अजून एक दाबलं, त्यांनी हात झटकला. शेवटी अख्खा पंजा धरला, तेव्हा कुठं मान हलवली.

त्या बापानं शूटिंग करणाऱ्याला सांगितलं, "मोबाईल खाली घे आधी." मग पोरीची बोटं चोळत आबांना म्हणाला, "चांगला सौदा झाला, आजोबा."

दादा, तुमचं नाव विचारायचं राहिलं. पोरीची बोटं लाल झाली होती, तरी तुम्ही हात खाली घेतला. तुमचे उपकार आहेत.

आबांच्या डोक्यातली वरची माती धुपून गेलीय, खालचा बाजार तेवढा उघडा पडलाय. त्यात त्यांचा काय दोष...

घरी येताना माझा हात धरून चालत होते. मला बैल घेणारा गडीच समजत होते. वेशीपाशी थांबले आणि हळूच म्हणाले, "गरीब हाय बैल. बुजला तर मारू नगा त्याला."

नाही मारणार, म्हटलं. कुणालाच मारू देणार नाही.