सासूबाईंच्या टॅबवरचं लिनक्स

खाऱ्या हवेने माझा लॅपटॉप खाल्ला, तोही नेमका चाचणीच्या आठवड्यात. मुलांपायी नोकरी सोडून दिघीजवळच्या या गावात आल्यावर इतक्या वर्षांनी कुणीतरी मला घरबसल्या काम द्यायला तयार झालं होतं. त्याआधीची चाचणी लिनक्स या संगणकप्रणालीवर द्यायची, आणि घरात उरला होता फक्त सासूबाईंचा टॅब.

त्यावर एका अ‍ॅपमध्ये लिनक्सचं व्हर्च्युअल मशीन चढवायला घेतलं, म्हणजे टॅबच्या पोटात दुसरा संगणक. चालायचं रडतखडत, पण चालायचं! मेख एकच. ते अ‍ॅप सोडून दुसरं काही उघडलं की मशीन बंद पडायचं.

चाचणीच्या आदल्या दिवशी सगळं बसत आलं होतं, म्हणून मी चहा टाकायला गेले. परत येते तर स्क्रीन कोरी! शेजारी सासूबाई सुपारी सोलत बसलेल्या.

"अगो, उघडं राहिलं होतं काहीतरी. सरकवून बंद केलं. बॅटरी खातं मेलं."

रिकाम्या खोलीतला दिवा मालवायची सवय, ती टॅबलाही लागू.

"अहो आई, अख्खी दुपार गेली माझी पाण्यात!" मी किंचाळलेच.

त्यांनी सुपारी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "परत घाल. मी बसते राखणीला."

आणि खरंच बसल्या! स्क्रीन विझू नये म्हणून मधूनच बोट पदराला पुसून तिला लावायच्या. वाडीत माकडं शिरली तरी हलल्या नाहीत. मला हसू येत होतं आणि भरूनही येत होतं.

चाचणी ऐन रंगात असताना टॅबवर व्हिडिओ कॉल वाजला. परदेशातल्या नणंदेचा. तिचे दिवस भरले होते, त्यामुळे फोन कशाचा हे दोघींनाही कळलं. तो घेतला की मशीन गेलं. माझ्या मोबाइलवरून लावावा तर टॅबला नेट त्याचंच, तेही तुटलं असतं.

"आई, घेऊ?"

"काप."

"अहो, पण..."

"काप म्हणते ना! तू तुझं पुरं कर."

फोन पुन्हा वाजला. पुन्हा त्यांनीच कापायला लावला. मी शेवटचं उत्तर पाठवून मोबाइल त्यांच्या हातात दिला, तेव्हा त्यांना घाईत नंबरच सापडेना, तो मलाच लावावा लागला.

नात झाली होती. नोकरीही मिळाली. सगळे माझं कौतुक करतात, आणि मी प्रत्येकाला सांगते, आधी आईंना नमस्कार करा.