हिराला न दिलेला पास

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तशी मी बडबडी बाई. गिरगावात आमच्या फणसवाडीत कुणाच्या घरी काय शिजलं तेसुद्धा माझ्या पोटात राहायचं नाही. हे मात्र राहिलं. आणि आता सांगायला बसले तर — बसवत नाही. मघाशी उठून गॅस बंद आहे का ते बघून आले. बंदच होता.

कॉलेजात मी बास्केटबॉल खेळायचे. हसू नका. पांढरी सलवार, वेणी घट्ट वर बांधलेली, आणि टीमची कॅप्टन! गिरगावात तेव्हा संयुक्त महाराष्ट्राच्या सभा, मोर्चे, हरताळ. घरची माणसं सभेला जायची आणि मी दादरच्या मैदानावर. कॅप्टन म्हणून मिरवायला मला फार आवडायचं, हे आधीच कबूल करते. खेळ बरा होता माझा. एखाद्या दिवशी लागोपाठ बास्केट व्हायच्या, दुसऱ्या दिवशी रिंगसुद्धा सापडायची नाही.

हिराचं तसं नव्हतं. आमच्याच वर्गातली, वरळीच्या बीडीडी चाळीत राहणारी, वडील गिरणीत. आदल्याच वर्षी त्यांच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. ही मुलगी काल जशी खेळली तशीच आज खेळायची, अंगात कणकण असली तरी तशीच. रिंगखाली तिच्या हातात चेंडू आला की बास्केट झालीच म्हणून समजा. आमचे सर म्हणायचे, शेवटच्या मिनिटाला मला चमकणारी मुलगी नको, न चुकणारी हवी. मला झोंबायचं ते.

सरांनी ठरवूनच टाकलं होतं — सामना अटीतटीचा झाला की घाई करायची नाही. चेंडू आपसांत खेळवत ठेवायचा. समोरच्या मुली वैतागून अंगावर धावून आल्या की रिंगखालची जागा रिकामी होते. तिथे डावीकडून हिरा शिरणार, आणि कॅप्टननं तिला पास द्यायचा. एवढंच तर होतं माझं काम.

अंतिम सामना आला. विद्यापीठाच्या टीमसाठी मुली निवडणारे लोक खुर्च्या टाकून बसले होते. हिराला वडिलांनी बजावलं होतं, निवड झाली तर खुशाल खेळ, नाही झाली तर हा नाद सोडायचा. हे तिनंच मला सांगितलं होतं, सामन्याच्या आधी वेणी बांधता बांधता. म्हणजे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही.

शेवटचं मिनिट, आणि आम्ही एका गुणानं मागे. चेंडू खेळवला. त्या मुली धावून आल्या. हिरा शिरली — अगदी वेळेवर, हात वर करून, एकटी. मी तिला पाहिलं. आणि पास दिला नाही. लांबून स्वतःच चेंडू रिंगकडे फेकला.

का? अहो, इतकी वर्षं स्वतःला विचारतेय, आणि उत्तर पहिल्या दिवसापासून माहीत आहे. गिरगावातून माझे काका, चुलत भावंडं बघायला आली होती. जिंकवणारी हिरा, आणि मी नुसती पास देणारी? त्यातून बीडीडीतली? — हो, हेही आलं मनात. आमच्या घरी सभेहून आल्यावर एकीच्या गप्पा रंगायच्या, आणि माझ्या मनात हे. लाज वाटते मला.

चेंडू रिंगला लागून बाहेर गेला. शिट्टी झाली. हरलो.

इथवर चूक म्हणता येईल. खेळात होतं असं. पण सर तरातरा चालत आले, पास का दिला नाहीस म्हणाले, आणि मी बोलून गेले की हिरा उशिरा शिरली. निवडणारे शेजारीच उभे होते. वर आणखी जोडलं — हरताळात तिचा सराव बुडला सर, पहिल्यासारखं सातत्य राहिलं नाही. धडधडीत खोटं! बस बंद असताना घरी बसले होते ती मी. सरही गिरगावातच राहायचे, तेही तिकडेच अडकलेले. हिरा वरळीहून चालत येऊन एकटी सराव करायची. मैदानावरच्या माळीबुवांनी मला कौतुकानं सांगितलं होतं. मी ते सरांच्या कानावर घातलंच नव्हतं.

हिराची निवड झाली नाही. माझी झाली, राखीव म्हणून.

तरी अजून खरं ते राहिलंच आहे. मी टाळतेय, कळतंय मला.

त्याच आठवड्यात मुलींच्या खोलीत ती मला गाठायला आली. दुसरं कुणी नव्हतं तिथे. भांडायला आली असती तर बरं झालं असतं. भांडता येतं मला. ती शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "मी खरंच उशिरा शिरले का गं? मला वाटलं वेळेवर होते. पण तू समोरून बघत होतीस."

स्वतःपेक्षा तिचा माझ्यावर जास्त विश्वास होता. नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. तेव्हाही सगळं सावरलं असतं, सरांकडे गेलो असतो दोघी.

"हो," मी म्हटलं. "जरा उशीरच झाला तुला."

ती उठली. "मग बरोबर आहे," म्हणाली. "घरी तसंच सांगते."

दुसऱ्या दिवसापासून हिरा मैदानावर आली नाही. मी जात राहिले.