साडूंची घडीची सायकल

माणसाच्या सहनशक्तीचा अंत पाहण्यासाठी देवाने काही खास माणसे घडवली असतील, तर त्यांतला सर्वांत पक्का नमुना त्याने आळे गावात ठेवला आणि माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीशी त्याचे लग्न लावून तो माझा साडू होईल, अशीही चोख व्यवस्था केली. साडू तसे सज्जन. सुपारीच्या खांडाचेही व्यसन नाही. मंचरच्या एका कॉलेजात कारकून आहेत, कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. फक्त त्यांच्याकडे एक घडीची सायकल आहे. लहान चाकांची, मधोमध बिजागरी असलेली, दुमडली की मोठ्या पिशवीत मावणारी. तीन वर्षांपूर्वी अक्काला, म्हणजे त्यांच्या बायकोला, मागे बसवून जाताना मोटारसायकलवरून ते पडले, अक्काचे मनगट मोडले, आणि त्यांनी मोटारसायकल विकून ही सायकल आणली. कुत्रे आडवे आले, असे त्यांनी सगळ्यांना सांगितले. त्या अज्ञात कुत्र्याला मी आजवर मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या आहेत की त्याला उचक्या लागून लागून ते मेले असेल.

घडीचीच सायकल का, हा प्रश्न त्यांना विचारू नये. मी विचारला आणि माझी एक अख्खी दुपार गेली. आळ्याहून हायवेवरच्या फाट्यापर्यंत सायकल, फाट्यावर घडी घालून एसटीत, मंचरला उतरले की पुन्हा उघडून कॉलेजात, असा त्यांचा प्रवास. चोरीची भीती नाही, कारण ती कॉलेजात त्यांच्या टेबलाखाली पायाशी असते. पेट्रोल नाही, पार्किंग नाही, एसटी चुकली तर कुणाच्याही जीपमध्ये सायकलीसह जागा मिळते. "पावणं, तुमची गाडी तुमाला नेती. माझी गाडी मला नेती आन् मीबी तिला नेतो. नातं असं दोन्हीकडनं पायजे," हे त्यांचे तत्त्वज्ञान. हे ऐकवताना ते घडी घालून दाखवतात. सीट खाली, हँडल आडवे, बिजागरी खट्. मग समोरच्यालाही एकदा घालायला लावतात. माझ्या दोन पँटींवर त्या चेनचे काळे वंगण आहे आणि ते कोणत्याही साबणाला दाद देत नाही.

एसटीच्या प्रत्येक नव्या कंडक्टरशी त्यांची एक लढाई ठरलेली असते. "सायकल गाडीत न्हाई चालायची," कंडक्टर म्हणतो. "सायकल कुठंय? बॅग हाय," साडू म्हणतात. "उघडून दावा." "उघडली तर सायकल व्हईल ना राव. मंग तुमीच म्हणाल सायकल चालायची न्हाई." एवढ्यात मागून कुणीतरी ओरडते, घंटी वाजते आणि साडू जिंकतात. हॉटेलात ते सायकल शेजारच्या खुर्चीवर ठेवतात. एकदा माझ्यादेखत वेटरने तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि साडूंनी तो शांतपणे पिऊनही टाकला. कांद्याच्या दिवसांत मंचरच्या हायवेवर ट्रॅक्टर, ट्रक आणि पिकअप असे अडकतात की तासभर कुणी हलत नाही. तेव्हा हा गृहस्थ खाली उतरून घडी घालतो, सायकल खांद्यावर टाकतो, दोन ट्रकांच्या फटीतून पलीकडे जातो, पुन्हा उघडतो आणि टिंगटिंग करत निघून जातो. गाडीत बसून मी हे चार वेळा पाहिले आहे. चारही वेळा त्यांनी मला हात केला.

हेही मी सोसले असते. पण त्या सायकलीला मागे कॅरियर नाही. म्हणजे अक्काला बसायला जागा नाही. साडू कुठेही जाऊ शकतात आणि अक्का कुठेही जाऊ शकत नाही, अशी त्या घराची स्थिती झाली. अक्का म्हणजे एके काळी प्रत्येक लग्नात, बारशात, बाजारात दिसणारी बाई. ती तीन वर्षे दारातल्या कट्ट्यावर बसून कुणाची गाडी येते का ते बघत राहिली. ती गाडी बहुतेक वेळा माझी असे. फाट्यावर लग्न असले तरी मी मंचरहून निघायचे, फाटा ओलांडून आळ्यात जायचे, अक्काला घ्यायचे आणि पुन्हा फाट्यावर यायचे. कार्यालयाच्या दारात साडू घडी घालत उभे असायचे. "आलात? मला धा मिनटं झाली," वर हे ऐकून घ्यायचे. स्कूटर घ्या म्हणून मी विनवले, बायकोने विनवले, जुन्या स्कूटरवाल्याला मी त्यांच्या दारात नेऊन उभे केले. त्याला त्यांनी घडी घालून दाखवली.

गेल्या हिवाळ्यात साडूंच्या चुलतभावाच्या मुलीचे लग्न फाट्यावर झाले. मुलगा घाटावरच्या आणे गावचा. साडूंना सायकल कुठे ठेवावी, असा प्रश्न पडला. कार्यालयात मुलीच्या संसाराचे सामान मांडले होते: कपाट, पिंप, भांडी, मिक्सर. तिथे राखायला माणूस बसवला होता. यापेक्षा सुरक्षित जागा नाही, असे ठरवून साडूंनी आपली पिशवी त्या कपाटाला टेकवून ठेवली आणि ते जेवायला बसले. हात धुऊन येईपर्यंत सामानाचा टेम्पो आण्याच्या घाटाला लागला होता. संध्याकाळी मला फोन. "पावणं, उद्या रविवार हाय ना?"

मी, साडू आणि अक्का असे तिघे दुसऱ्या दिवशी घाट चढून पठारावर गेलो. नवरदेवाच्या घरी सगळे सामान ओळीने मांडून त्याला हळदकुंकू वाहिलेले. मध्यभागी पाटावर आमची पिशवी. "आमाला वाटलं, शिलाई मशीन हाय," नवरदेवाची आई म्हणाली. "सूनबाईला शिवण येतंय म्हणून मी सकाळपासून चार घरी सांगून आले." नवरी कोपऱ्यात मान खाली घालून उभी. काकांची सायकल तिने रात्रीच ओळखली होती, पण सासरच्या पहिल्याच दिवशी पाटावरची वस्तू आपली नव्हे हे कसे सांगावे, म्हणून बिचारी गप्प राहिली. त्या माउलीने आम्हाला आमटी-भाकरी वाढली आणि सायकलीवर नारळ ठेवून ती परत केली. साडू खूश. अक्काचा चेहरा मात्र शरमेने काळवंडला होता. पोरीला पहिल्याच दिवशी खाली बघायला लावले, हे तिला लागले होते.

गाडीत बसल्यावर माझा बांध फुटला. सज्जन माणसाने साडूला बोलू नये ते सगळे बोललो. बायकोला घरात कोंडून स्वतः टिंगटिंग करत फिरता, लाज नाही वाटत, इथपर्यंत गेलो. साडूंनी खिडकीची काच खाली घेतली. मग म्हणाले, "पावणं, त्या दिवशी कुत्रं आडवं आलं न्हवतं."

मी गाडीचा वेग कमी केला.

"उपास व्हता. डोळ्यापुढं अंधारी आली आन् हँडल सुटलं. नंतर डागदर म्हणला, साखर उतरली व्हती, मधुमेहाच्या गोळ्या घेऊन उपास करू नका, मंग काय होत न्हाई. तवापासून झालंबी न्हाई. पण मागं कुणी बसलं ना, की माझं हातपाय कापत्यात. म्हणून बिनकॅरियरची घेतली. पडलो तर एकटा पडंन."

मागच्या सीटवरून अक्का म्हणाली, "मला ठाऊक हाय."

"तुला कुणी सांगितलं?"

"मी मागंच बसले व्हते की. कुत्रं असतं तर मला दिसलं नसतं व्हय?"

"मंग तीन वर्सं बोलली का न्हाईस?"

"तुमी कवा बोलताय ते बघत व्हते." आणि मग मला, "दाजी, गाडी थांबवा. ती सायकल काढा खाली."

आण्याचे पठार म्हणजे सपाट रस्ता आणि दोन्ही बाजूंना मोकळी राने. बघायला कुणी नाही. साडूंनी सायकल उघडली, सीट अगदी खाली घेतली. मधला दांडा बुटका, त्यामुळे लुगड्यातही पाय टाकता आला. शाळेत असताना अक्का भावाची सायकल चोरून चालवायची, हे मला त्या दिवशी कळले. ती एकदा शेतात गेली, एकदा माझ्या गाडीच्या बंपरवर आली. तिसऱ्या वेळी निघाली ती निघालीच. घडी सगळ्यांना घालायला लावून सायकलीवर मात्र कुणाला बसू न देणारा तो माणूस सीट धरून मागे धावत होता, आणि त्याने सीट सोडली तेव्हा डोळे पुसले. मीही पुसले, उगाच कशाला लपवा.

आता त्यांच्याकडे दोन सायकली आहेत. कंडक्टरशी दोघे मिळून भांडतात. गेल्या महिन्यात मंचरलाच लग्न होते. मी सवयीने सकाळीच गाडी धुऊन ठेवली. फोन आला नाही. कार्यालयात गेलो तर अक्का आधीच पहिल्या रांगेत. "दाजी, लई उशीर केला," म्हणाली.

खरे सांगायचे तर त्या तीन वर्षांत मी जेवढी कुरकुर केली, तेवढीच मला त्या फेऱ्यांची गोडी लागली होती. माझ्या बायकोच्या लहानपणाबद्दल बायको स्वतः एक अक्षर बोलत नाही. अक्का बोलायची, आळ्यापासून कार्यालयापर्यंत. शेवटच्या फेरीत, फाट्यावरच्या त्या लग्नाला जाताना, ती सांगत होती की माझी बायको सहावीत असताना घरातून निघून गेली होती आणि दिवसभर सापडली नव्हती. तेवढ्यात कार्यालय आले. "राहिलेलं पुढल्या लग्नाला सांगते," असे म्हणून ती उतरली. बायको त्या दिवशी कुठे गेली होती, ते मला अजून माहीत नाही.