एका रायफलवर दोन नावं

"हात धुऊन या." नमस्काराच्या जागी काका हेच म्हणायचे.

मी पहिल्यांदा नेमबाजीच्या रेंजवर गेले तेव्हा माझ्या नखांत खरंच कणीक होती. कर्वेनगरात आमची एक खोली. वडील हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. आई विद्यार्थ्यांच्या मेसला पोळ्या करून द्यायची, आणि कॉलेजला जायच्या आधी तिच्याबरोबर लाटायला मी. कॉलेजात एनसीसी घेतली ती, खरं सांगते, परेडनंतरच्या नाश्त्यासाठी. तिथे माझा नेम बरा निघाला आणि सरांनी मला या रायफल क्लबात धाडलं.

"ए पोरी, हात धू आधी. असल्या हातानं लोखंड गंजतंय."

हेच काका. साठीच्या पुढचा माणूस, खाकी स्वेटर, कानामागे पेन्सिल. उभी नोकरी फौजेत बंदुका दुरुस्त करण्यात गेलेली. आता क्लबच्या बंदुका सांभाळायचे. मी तेव्हा फार ताठ होते. म्हटलं, "मला पोरी म्हणू नका. मी बी.ए. करतेय. आमच्या घराण्यात पहिलीच."

त्यांनी मला एकदा वरून खालपर्यंत पाहिलं. "बरं. अहो बी.ए., हात धुऊन या."

तेव्हापासून मी कायमची 'अहो बी.ए.' झाले. माझ्याबरोबर नेमबाजी शिकणारी, वाघोलीहून दोन बस बदलून येणारी ईशा मात्र 'अगं'. "अगं, खाल्लंस का काही?" "अगं, कोपर आत घे." मला कोपर आत घ्यायलासुद्धा आदरानं सांगायचे. मागून घेतलेला मान किती बोचतो, हे तुमच्यापैकी कुणी अनुभवलं असेल तर कळेल. ईशाचे वडील कारखान्यात कामगार. श्रीमंताची असती तर निदान त्यावरून नावं ठेवता आली असती.

दुसऱ्या वर्षी लष्करानं मोडीत काढलेल्या दोन पॉइंट टू-टू रायफली क्लबानं रीतसर परवानगीनं विकत घेतल्या. एकीची नळी झिजलेली, दुसरीचा दस्ता तडकलेला. काकांनी दोन्ही खोलून त्यातून एक चांगली उभी केली. मग कमिटीत वाद लागला. एका निवृत्त साहेबांना ती हॉलमध्ये काचेच्या कपाटात हवी होती. दुसरे म्हणाले, "लष्करी बंदूक कॉलेजातल्या मुलांच्या हातात? उद्या काही झालं म्हणजे?"

काका दाराशी उभे होते. "साहेब, ही लढाईत कधी गेलीच न्हाई. भरतीच्या पोरांना नेम शिकवायला बनवलेली हाय. ती पोरंबी अठराचीच असत्यात. काही होऊ नये म्हणून कुलूप हाय, किल्ली हाय, आन् मी हाय. काचेत बसवायचंच तर मला बसवा, माझंबी वय झालंय."

दोघेही साहेब हसले आणि रायफल बाहेर राहिली.

त्या दुसऱ्या साहेबांची काळजी खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण स्पर्धेसाठीची महागडी परदेशी रायफल आमच्या सात पिढ्यांत कुणाला झेपली नसती. म्हणून माझं मत पक्कं होतं, अशी बंदूक तरुण नेमबाजाला द्यावीच. फक्त एकाच नेमबाजाला द्यावी, मला.

काकांनी दस्त्यावर पांढरी चिकटपट्टी लावून दोन नावं लिहिली. ईशाचं वर, माझं खाली.

प्रत्येकाच्या डोळ्याला नेमाची चकती, म्हणजे साइट, थोडी वेगळी लागते. तिला एक स्क्रू असतो, फिरवला की क्लिक होतो आणि गोळी तेवढी सरकते. काकांचा एकच कायदा होता. आपलं झालं की चकती शून्यावर आणायची आणि मगच रायफल दुसऱ्याच्या हातात द्यायची. गोळ्या कमी असल्यामुळे आमच्याकडे अंदाजाच्या गोळ्या नव्हत्या, पहिलीच मोजली जायची.

राज्य स्पर्धेला त्या रायफलवर एकीलाच जाता येणार होतं. चाचणीच्या सकाळी आधी मी पालथं झोपून नेमबाजी केली, चांगली झाली. उठताना बोट स्क्रूवर होतं. सहा क्लिक मागे घ्यायचे होते. मागे काका ईशाला म्हणत होते, "अगं, घाबरू नको, श्वास सोड."

मी बोट काढून घेतलं. विसरले असं म्हणायला जागा होती.

ईशाच्या पहिल्या दोन गोळ्या निशाणाच्या कार्डावर पार उजवीकडे, कडेच्या पांढऱ्यात गेल्या. मग तिनं अंदाजानं स्क्रू फिरवला, पुढचं सावरलं, पण थोड्या गुणांनी ती मागे पडली. माझं नाव लागलं. ती रडली नाही, डबा उघडून बसली. त्याचासुद्धा मला राग आला.

काकांनी तिचं कार्ड आणून माझ्यापुढे धरलं. कडेची दोन भोकं एकमेकांना चिकटून होती.

"बघा, अहो बी.ए. हात चुकला असता तर दोन दिशांना गेल्या असत्या. पोरीचा हात सरळ हाय." एवढं बोलून ते नळीत चिंधी सारत बसले. "कमिटीला निकालाचा कागद चारला द्यायचाय. काय लिहू, ते तुम्ही सांगा."

समोर ईशा चटणी-पोळी खात होती. मी चारपर्यंत वाट पाहिली नाही. तिच्यासमोरच म्हटलं, "मी साइट शून्यावर आणली नव्हती. मुद्दाम."

ईशानं डबा बंद केला. म्हणाली, "मला वाटलंच होतं," आणि हात धुवायला गेली.

चाचणी परत झाली, ईशा दोन गुणांनी जिंकली. माझे डोळे भरले होते, ते पश्चात्तापानं की हरल्यानं, आजही सांगता येत नाही. काकांनी रायफल पुसायला माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "जा गं, हात धुऊन ये."

गेल्या हिवाळ्यात काका साताऱ्याकडे आपल्या गावी गेले आणि तिथेच वारले. गळ्यातली बंदुकांच्या कपाटाची किल्ली त्यांनी जाण्याआधी क्लबात ठेवली होती. दस्त्यावरची चिकटपट्टी पिवळी पडली आहे, ती आम्ही कुणाला काढू देत नाही. आता रायफल नव्या मुलांच्या हातात असते, आणि आधी हात धुवा असं त्यांना मी सांगते.

मी बी.ए. झाले. त्याच रायफलवर पुढच्या वर्षी राज्य स्पर्धेत तिसरी आले. ईशा आदल्या वर्षी दुसरी आली होती.