शुक्रवारची पाण्याची खबर

आमच्या गळवाल्यांच्या, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्यांच्या, ग्रुपवर दर शुक्रवारी संध्याकाळी पाण्याची खबर टाकायचं काम माझ्या गळ्यात कसं पडलं, ते आता नीट आठवत नाही. मी ते मागून घेतलं नव्हतं एवढं नक्की. मी नागपुरात मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करतो. आठवड्याचे सहा दिवस स्क्रीनसमोर बसतो आणि दसऱ्यापासून होळीपर्यंत रविवारी कुठल्यातरी पाण्याच्या काठी. ग्रुपात साठेक माणसं होती आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असायचा. रविवारी अंधारात उठून पन्नास किलोमीटर गाडी हाणायची, तर पाणी कसं आहे ते आधी कळलेलं बरं. ते मला कळायचं, म्हणून मी लिहायचो.

मला कळायचं ते एका बाईमुळे. पारशिवनीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एक तलाव आहे. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. का, ते पुढे कळेल. त्या तलावात धीवर समाजाचं एक जोडपं डोंगा, म्हणजे लहानशी होडी, घालतं, जाळं लावतं. काही वर्षांपूर्वी माझी गाडी तिथल्या काळ्या मातीत रुतली होती, तेव्हा या दोघांनी चाकाखाली तुरीच्या वाळक्या काड्या घालून ती बाहेर काढून दिली. तेव्हापासून ओळख. बाई साठीच्या आसपासची, मी तिला मावशी म्हणतो. तिचा फोन नंबर माझ्याकडे होता आणि शुक्रवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी तिला फोन करायचो.

तिचं सांगणं असं असायचं: "पानी अजून चहावानी हाय गा. बसलं नाही. वरतून पोरगं धावत येते तसा नाला येऊन राहिला." किंवा, "आता ताकावानी झालं. चार दिवस ऊन पडू दे." मी ते ऐकायचो आणि ग्रुपवर लिहायचो, 'पाणी गढूळ, पातळी भरलेली, या आठवड्यात जाण्यात अर्थ नाही.' तिच्या बोलण्यातलं सगळं पाणी काढून टाकून मी नुसता गाळ पाठवायचो, पण लोकांना तेच हवं होतं. अशी दोन वर्षं बरी गेली.

मागच्या शरदात मात्र काहीच धड होईना. दसरा झाला तरी पाऊस जाईना. एरवी दसऱ्यानंतर ऊन चटकायला लागतं, नाले आटतात, पाणी हळूहळू निवळतं आणि बुडालेल्या गवतात मासा काठाला येतो. तो महिना-दीड महिना आमच्यासाठी वर्षाचा सगळ्यात चांगला. आम्ही त्याची वाट बघत पावसाळा काढतो.

कोजागिरीच्या आधीच्या शुक्रवारी मावशी म्हणाली, "बसलं गा पानी. तळाचं गवत दिसून राहिलं." मी आनंदाने लिहिलं. रविवारी सात-आठ गाड्या गेल्या, मीही गेलो. शनिवारी दुपारी वरच्या डोंगरात पाऊस झाला होता. नागपुरात थेंब नव्हता, आम्हाला पत्ताच नाही. काठावर उतरलो तर सगळा तलाव विटेच्या रंगाचा. दुपारी बारापर्यंत कुणाच्या दोरीला साधा धक्का लागला नाही. ग्रुपमध्ये एक कळमन्याचा अडत्या होता, संत्र्याचा व्यापार करणारा, मोठ्या आवाजाचा. तो डबा उघडता उघडता म्हणाला, "भाऊ, तुमी खबर देता का भविष्य सांगता? कारण दोन्ही चुकून राहिलं." सगळे हसले. मीही हसलो आणि अर्धा पराठा परत डब्यात ठेवला.

पुढच्या शुक्रवारी मी मावशीला तीन-तीनदा विचारलं. पाऊस? नाही. वरून नाला? आटला. रंग? "हिरव्या बांगडीवानी." मी लिहिलं. शनिवारी रात्रीतून कुणीतरी कालव्याचं दार उघडलं. धानाला शेवटचं पाणी हवं होतं, आणि त्यात चूक काहीच नव्हती. पण सकाळी तलाव दोन हात खाली उतरलेला. काठावर ओल्या चिखलाचा पट्टा आणि त्यावर बगळे. पाणी उतरायला लागलं की मासा काठ सोडून खोलात जातो, हे मलाही ठाऊक आहे. आम्ही चिखलात पोटऱ्यांपर्यंत रुतून बसलो. या वेळी अडत्या नुसता माझ्याकडे बघून मान हलवत राहिला. ते जास्त लागलं.

मी गाडीत बसून मावशीला फोन केला. माझा आवाज चढलेला होता. "मावशी, तुम्ही तर म्हणाल्या होत्या पाणी चांगलं आहे."

"हाय ना चांगलं."

"अहो, दोन हात उतरलं. एक मासा नाही लागला."

ती मग म्हणाली, "मी शुक्रवारचं पानी सांगतलं गा. रविवारचं पानी मले कसं दिसन?"

मी फोन ठेवला आणि घरी येईपर्यंत स्वतःशी चरफडत राहिलो. बायको म्हणाली, "तुम्ही सुट्टी घालवायला जाता की आणखी एक नोकरी करायला?" तिच्यावरही डाफरलो. मासा लागला नाही याचा राग नव्हता. मासा न लागणं हा या छंदाचा भागच आहे. साठ माणसांसमोर माझा शब्द खोटा ठरत होता आणि तो खरा करणं माझ्या हातात नव्हतं, त्याचा राग होता. हे काम सोडून द्यायचं तेव्हाच सुचायला हवं होतं. पण सोडलं असतं तर हरल्यासारखं झालं असतं.

दिवाळीच्या आधीचा गुरुवार होता. मी रजा घेऊन एकटाच तलावावर गेलो. स्वतःच्या डोळ्यांनी बघून लिहायचं ठरवलं होतं. पोचलो तर मावशीचा नवरा पाळीवर, तलावाच्या मातीच्या बांधावर, बसलेला, पाय लांब केलेला, घोटा सुजून टम्म. सकाळी डोंग्यातून उतरताना दगडावरून घसरला होता. गावातली बस दुपारी होती. मी त्याला गाडीत घातलं, पारशिवनीला नेलं, एक्स-रे काढला, हाड मोडलं नव्हतं, पण महिनाभर पाय टेकायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. तो वाटेत एवढंच म्हणाला, "आता जाळं तिले एकटीलेच पाहा लागन." परत आणून सोडलं तेव्हा दुपार कलली होती. मावशीने काळा चहा दिला. मग म्हणाली, "चाल, डोंग्यात बस. तुले एक दाखवतो."

तिने मला तलावाच्या पलीकडच्या अंगाला नेलं. तिथे एक नाला येऊन मिळतो आणि बाभळीची दहा-बारा झाडं पाण्यात उभी आहेत, वाळलेली. रस्त्यावरून ही जागा दिसत नाही. पाणी तिथे इतकं नितळ होतं की फांदीची सावली तळावर पडलेली दिसत होती. तिने वल्हं उचलून धरलं. थोड्या वेळाने एक मरळ, हाताएवढा मासा, फांदीखालून वर आली, हवा घेतली आणि खाली गेली. मग दुसरी.

"वरून पाऊस आला तरी हे कोपरं गढूळ होत नाही," ती म्हणाली. "कालवा सोडला तरी इथं पानी राह्यते. आमचं जाळं इथंच लागते. तू माया घरच्याले घेऊन गेला म्हनून तुले दाखवून राहिली. येजो कवा एकटा."

एकटा, असं ती म्हणाली होती. मला ते स्पष्ट ऐकू आलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी ग्रुप उघडला तर अडत्याने आधीच लिहून ठेवलं होतं, 'आज हवामान खात्याकडून काय येते पाहू.' खाली हसणारे चेहरे ओळीने. मी फोन टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला. नुसतं 'पाणी चांगलं' लिहिलं असतं तरी चाललं असतं. मी सगळं लिहिलं. नाला कुठून येतो, गाडी कोणत्या बांधापर्यंत जाते, तिथून किती चालायचं, बाभळी, मरळ. लिहून झाल्यावर एकदा वाचलं. मला माहीत होतं मी काय करतोय. तरी पाठवलं.

त्या रविवारी मी पोचलो तेव्हा बांधावर गाड्यांची रांग होती. आमच्या ग्रुपातल्या थोड्याच, बाकीच्या कुणाच्या ते देवाला ठाऊक. माझा मजकूर एका ग्रुपातून दुसऱ्यात, तिसऱ्यात गेला होता. एकाने तर गाडी सरळ कापणीला आलेल्या धानातून घातली होती. बाभळींसमोर माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती. मला रॉड टाकायला जागा नव्हती. मासा मात्र लागत होता, दर थोड्या वेळाने कुणीतरी मरळ वर ओढत होतं. अडत्याने मला मिठी मारली. "आज मानलं भाऊ तुमाले," तो म्हणाला. "अशी खबर पायजे." आणि त्याने माझ्यासोबत फोटो काढला, दोन्ही हातांत मरळी. ज्या शब्दांसाठी मी तीन आठवडे जळत होतो ते मिळाले, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

मावशीचं जाळं तिथेच होतं. जाळ्याला खुणेसाठी बांधलेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या रिकाम्या बाटल्या बघूनही लोक त्यावरून दोरी फेकत होते. गळ जाळ्यात अडकला की हिसके देत होते, निघाला नाही की कुणी पाण्यात उतरून जाळंच कापत होतं. मी दोघा-तिघांना म्हटलं, "अहो, कुणाचं तरी जाळं आहे ते." एकाने विचारलं, "तुमचं आहे का?" मी नाही म्हटलं. तो परत पाण्याकडे वळला.

दुपारी गर्दी पांगल्यावर मी पाळीवर गेलो. मावशी जाळं मांडीवर घेऊन बसली होती. एकेक गळ सोडवून स्टीलच्या वाटीत टाकत होती. नवरा बाजूला बाजेवर, पाय उशीवर. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मी म्हटलं, "मावशी, चुकलं माझं. जाळं मी नवीन घेऊन देतो."

"जाळं मी ईनीन," ती म्हणाली. तिने वाटी पुढे केली. "हे तुमच्या लोकाइचे हायेत. घेऊन जा. इथं पोराइच्या पायाले लागतीन."

मी वाटी घेतली नाही, मग घेतली. माझी अपेक्षा होती ती चिडेल, काहून सांगितलंस म्हणून विचारेल, म्हणजे मलाही काहीतरी बोलता येईल. ती एवढंच म्हणाली, "सांगतलं तर तुले होतं." आणि पुन्हा खाली बघून बोटं चालवायला लागली.

तरी पुढच्या शुक्रवारी मी तिला फोन केला. कशासाठी, ते आज सांगता येत नाही. सवय असेल. तिने उचलला. मी नवऱ्याच्या पायाचं विचारलं, तिने नीट सांगितलं, सूज उतरली, लंगडत परसात जाऊन राहिला. मग मी पाण्याचं विचारलं.

"गढूळ हाय."

त्याच्या पुढच्या शुक्रवारीही गढूळ. नोव्हेंबर सरत आला, थंडी पडली, धान निघालं, आठवडेच्या आठवडे आभाळात ढगाचा तुकडा नव्हता, आणि पाणी गढूळ. मी एकदा मधल्या वारी तिकडे गेलो आणि लांबूनच पाहिलं. पाणी काचेसारखं होतं. जाळं आता बाभळींपासून दूर, उघड्यावर लावलेलं होतं. तिथे मासा कमी लागणार हे मलासुद्धा कळत होतं. मी पाळीवर न जाताच गाडी फिरवली.

तोवर मी ग्रुपवर काहीच टाकलं नव्हतं. त्या शुक्रवारी मी लिहिलं, 'पाणी गढूळ.' तिने सांगितलेलं जसंच्या तसं लिहायची माझी ती पहिलीच वेळ. अर्थात कुणीतरी रविवारी जाऊन फोटो टाकला. अडत्याने लिहिलं, 'भाऊले चष्मा घेऊन देऊ.' मी आणखी तीन शुक्रवार तेच लिहिलं. मग कुणीतरी नवा माणूस नेमला, जो तलावांची पातळी आणि हवेचा अंदाज मोबाइलवरून काढून टाकतो, आणि मी ग्रुपमधून बाहेर पडलो. बाभळीतली मरळ जानेवारीपर्यंत संपली आणि लोक दुसऱ्या पाण्याकडे गेले. म्हणजे मी लिहिलेल्या 'गढूळ'चा कुणालाच काही उपयोग झाला नाही. तिलाही नाही.

या वर्षी दसऱ्यानंतर मी दोनदा दुसऱ्या तलावांवर जाऊन आलो. एका ठिकाणी वारा पूर्वेकडून सुटलेला, दुसरीकडे जलपर्णी काठापासून मध्यापर्यंत. दिवसभर बसून एकदाही दोरी ताणली नाही. तिथे बसल्यावर एक गोष्ट लक्षात आली आणि तिचा फार त्रास झाला. इतकी वर्षं पाण्याकाठी काढून मला पाणी वाचता येत नाही. जे काही येतं असं वाटत होतं, ते सगळं तिने फोनवर सांगितलेलं होतं.

गेल्या शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी तिचा नंबर लावला. नवऱ्याने उचलला. आवाजावरून मला ओळखलं. पाय बरा आहे म्हणाला, पण डोंग्यात तीच जाते.

"पाण्यावर गेली हाय," तो म्हणाला. "काई काम होतं का?"

मी म्हटलं, काम काही नाही, सहज केला.

"मंग संध्याकाळी करा ना. येईन ते घरी."

मी बरं म्हटलं. त्या संध्याकाळी केला नाही, अजूनही केलेला नाही.